नॉर्मन लुईस : मोर्चात चालणारा अमूर्त चित्रकार

नॉर्मन विल्फ्रेड लुईस (२३ जुलै १९०९ – २७ ऑगस्ट १९७९) हे न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या वस्तीत जन्मलेले कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिलेल्या अमूर्त अभिव्यक्तिवाद या कलाप्रवाहाच्या पहिल्या पिढीतील ते प्रमुख कृष्णवर्णीय चित्रकार. याच पिढीतील जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथ्को, विलेम डी कूनिंग ही नावे कलेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतात. लुईस त्यांच्याच काळात, त्यांच्याच शहरात, त्यांच्याच प्रदर्शनांमधून चित्रे मांडत होते. तरीही त्यांच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षे त्यांचे नाव या इतिहासात क्वचितच घेतले जाई.

चळवळीतल्या तरुणांनी लुईस यांच्याकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. आपला समाज अन्याय सोसत असताना चित्रकाराने माणसांची दुःखे सोडून नुसते रंग आणि रेषा का मांडाव्यात, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. त्यांनी तो टाळला नाही. त्यांचे उत्तर त्यांच्या चित्रांत आहे आणि त्यांनी रस्त्यावर केलेल्या कामातही आहे.

हार्लेममधले बालपण

लुईस यांचे आईवडील बर्म्युडा बेटावरून न्यूयॉर्कला आले होते. वडील गोदीत काम करत. नॉर्मन लहान असताना हार्लेममध्ये गोऱ्या स्थलांतरितांची संख्या मोठी होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांमधून वर्णद्वेष आणि उपासमार मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे आले आणि हार्लेम ही कृष्णवर्णीयांची सर्वांत प्रसिद्ध वस्ती बनली. संगीत, कविता, राजकारण यांनी ती गजबजली. लुईस यांचे एक भाऊ व्हायोलिनवादक होते. घरात संगीत होते, चित्रकला मात्र नव्हती. चित्रकार व्हायचे हे लुईस यांनी लहानपणीच ठरवले होते, पण तसे शिक्षण देणारी जागा कृष्णवर्णीय कामगाराच्या मुलासाठी सहज उपलब्ध नव्हती.

तरुणपणी त्यांनी मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून काम केले. दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांची बंदरे त्यांनी त्या निमित्ताने पाहिली. दारिद्र्य हे फक्त हार्लेमचे नाही, हे त्यांना तिथे दिसले. न्यूयॉर्कला परतल्यावर पोटासाठी ते कपड्यांना इस्त्री करण्याचे काम करत. याच काळात त्यांची ओळख शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांच्याशी झाली.

ऑगस्टा सॅव्हेज यांची शाळा

ऑगस्टा सॅव्हेज यांचे नाव आपण वेगळे लक्षात ठेवले पाहिजे. १९२३ मध्ये फ्रान्समधील एका उन्हाळी कलाशाळेसाठी त्यांची निवड झाली होती, पण त्या कृष्णवर्णीय आहेत हे कळल्यावर ती नाकारली गेली. त्यांनी त्याविरुद्ध जाहीर आवाज उठवला. पुढे हार्लेममध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ मुलांसाठी आणि तरुणांसाठी खुला केला. लुईस १९३३ ते १९३५ या काळात तिथे शिकले. याच सुमारास त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्येही काही अभ्यासक्रम केले. बाकी बरेचसे शिक्षण त्यांनी वाचनातून आणि चित्रे पाहून स्वतःच मिळवले.

१९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आफ्रिकी कलेचे मोठे प्रदर्शन भरले. लुईस यांनी ते पाहिले आणि आफ्रिकी मुखवट्यांवरून पेस्टल रंगांत चित्रे काढली. त्याच वर्षी हार्लेम आर्टिस्ट्स गिल्ड ही कृष्णवर्णीय कलावंतांची संघटना स्थापन झाली आणि लुईस तिच्या स्थापनेत सहभागी होते. कलावंतांना काम मिळावे, सरकारी योजनांमध्ये कृष्णवर्णीयांना डावलले जाऊ नये, यासाठी ही संघटना भांडत असे. महामंदीच्या त्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने कलावंतांना पगारी काम देणारी योजना आणली होती. लुईस यांनी त्या योजनेखाली हार्लेममध्ये शिक्षक म्हणून काम केले. पोलॉक, रॉथ्को यांचेही घर त्या वर्षांत याच योजनेच्या पगारावर चालत होते. म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या चित्रकारांची आणि लुईस यांची सुरुवात एकाच सरकारी हजेरीपटावर झाली.

वास्तववादी चित्रे आणि त्यांची मर्यादा

तीसच्या दशकात लुईस यांची चित्रे सामाजिक वास्तववादी होती. १९४० च्या ‘डिस्पझेस्ड’ या चित्रात घरातून बाहेर काढलेले एक कुटुंब आपल्या सामानासह रस्त्यावर बसलेले आहे. १९४३ मधील एका कामात पोलिसांची मारहाण आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका गोऱ्या पोलिसाने कृष्णवर्णीय सैनिकावर गोळी झाडल्यानंतर हार्लेममध्ये मोठा उद्रेक झाला होता.

युद्धाच्या वर्षांत लुईस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जहाजबांधणीच्या कारखान्यात कामाला गेले. तिथे त्यांना उघड वर्णद्वेष सोसावा लागला. अमेरिका हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढत होती, आणि तिच्याच सैन्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात होत्या. या ढोंगाचा लुईस यांच्यावर खोल परिणाम झाला. भुकेल्या माणसाचे चित्र काढून भूक मिटत नाही, आणि मारहाणीचे चित्र पाहून पोलीस काठी खाली ठेवत नाही, या निष्कर्षाकडे ते येत गेले. १९६८ मधील एका मुलाखतीत त्यांनी हे स्पष्टपणे मांडले : सामाजिक परिस्थितीची चित्रे काढल्याने परिस्थिती बदलत नाही. ती बदलायची तर प्रत्यक्ष कृती करावी लागते.

१९४६ चे वळण

१९४६ मध्ये लुईस यांनी आपली भूमिका लिहून काढली. कृष्णवर्णीय कलावंताने आफ्रिकी शैलीतच काम करावे, किंवा आपल्या लोकांच्या हालअपेष्टाच रंगवाव्यात, ही अपेक्षा त्यांना बेडीसारखी वाटत होती. गोऱ्या चित्रकाराला कोणताही विषय निवडता येतो. कृष्णवर्णीय चित्रकाराला मात्र त्याचा विषय जन्मानेच नेमून दिलेला असतो. लुईस यांचा आक्षेप या नेमणुकीला होता. जन्मावरून काम ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

याच वर्षी ते मॅरियन विलार्ड यांच्या गॅलरीशी जोडले गेले. १९४९ मध्ये तिथे त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. याच गॅलरीत मार्क टोबी या चित्रकाराची चित्रे लागत. टोबी यांनी जपानमधील एका झेन विहारात काही काळ राहून सुलेखनाचा अभ्यास केला होता. लुईस यांच्या बारीक, लिपीसारख्या रेषांची तुलना समीक्षक टोबींच्या रेषांशी करत. पण लुईस यांच्या रेषांना हार्लेमच्या गर्दीची आणि जॅझ संगीताची लय होती. ‘मेट्रोपॉलिटन क्राउड’, ‘ट्वायलाइट साउंड्स’, ‘जॅझ बँड’ ही त्या वर्षांतील चित्रांची नावेच ते सांगतात.

अमूर्त अभिव्यक्तिवाद म्हणजे काय

या प्रवाहातील चित्रकारांनी ओळखू येईल अशी वस्तू किंवा व्यक्ती रंगवण्याची सक्ती नाकारली. रंग, रेषा, पोत, हाताची हालचाल यांतूनच मनातले व्यक्त व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. पोलॉक जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर रंग ओतत आणि शिंपडत. रॉथ्को रंगांचे मोठे, धूसर पट्टे एकावर एक मांडत. याच प्रवाहामुळे आधुनिक कलेचे केंद्र पॅरिसहून न्यूयॉर्कला सरकले, असे मानले जाते.

लुईस यांची पद्धत यांपैकी कोणासारखी नव्हती. ते पातळ तैलरंग वापरत, कधी कोरड्या ब्रशने घासत. त्यामुळे पार्श्वभूमी धुक्यासारखी किंवा धुरासारखी दिसते. त्यावर लहान लहान खुणा असतात, उभ्या, किंचित वाकलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. दुरून त्या अक्षरांसारख्या वाटतात. थोडे थांबून पाहिले की ती माणसे असल्याचे जाणवते, आणि ती कुठेतरी एकत्र चालली आहेत. जत्रा, मिरवणूक, स्थलांतर, मोर्चा यांपैकी काहीही तिथे असू शकते. माणूस त्यांच्या चित्रातून पूर्णपणे गेला नाही. एकट्या माणसाचा चेहरा मात्र गेला, आणि समूह आला.

मान्यता मिळाली, जागा मिळाली नाही

एप्रिल १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ३५ मध्ये अमूर्त चित्रकारांची तीन दिवसांची बंद दाराआड चर्चा झाली. या प्रवाहाच्या इतिहासात ती महत्त्वाची मानली जाते. तिथे बसलेल्यांमध्ये लुईस हे एकमेव कृष्णवर्णीय होते. त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी १९५१ मध्ये, ‘लाइफ’ साप्ताहिकाने या पिढीतील पंधरा चित्रकारांचे एकत्र छायाचित्र छापले. मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या एका प्रदर्शनाविरुद्ध खुले पत्र लिहिणाऱ्या चित्रकारांचे ते छायाचित्र होते. पुढे तेच या प्रवाहाची ओळख बनले. त्यात चौदा पुरुष आणि एक स्त्री आहे, सर्व गोरे. लुईस त्यात नाहीत.

गुणवत्ता कमी पडली म्हणून असे झाले, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९५५ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या ‘मायग्रेटिंग बर्ड्स’ या चित्राला प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९५६ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये अमेरिकेच्या दालनात त्यांचे ‘कॅथीड्रल’ हे चित्र होते. समीक्षक चांगले लिहीत होते. पण चित्रे फारशी विकली जात नव्हती, संग्रहालये विकत घेत नव्हती, आणि श्रीमंत ग्राहकांच्या ज्या घरगुती मेजवान्यांमध्ये कलाबाजाराचे व्यवहार ठरत, तिथे त्यांना जागा नव्हती.

या बहिष्काराला दोन तोंडे होती. गोऱ्या कलाजगाला कृष्णवर्णीय चित्रकाराकडून वस्तीतले जीवन, दुःख, नाच-गाणे यांची चित्रे हवी होती. अमूर्त चित्रे काढणारा कृष्णवर्णीय त्यांच्या चौकटीत बसत नव्हता. दुसरीकडे हार्लेममधल्या अनेकांना ही चित्रे आपली वाटत नव्हती. अमूर्त कला ही जात-वंश-देश यांच्या पलीकडची वैश्विक भाषा आहे, असा दावा तेव्हा केला जाई. लुईस यांचा अनुभव असा की, भाषा वैश्विक असली तरी ती बोलणाऱ्याचा रंग आधी पाहिला जात होता.

काळा रंग

लुईस यांच्या कामात काळ्या रंगाला विशेष स्थान आहे. १९४६ पासून अखेरपर्यंत ते काळ्या रंगात काम करत राहिले. १९९८ मध्ये हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमने फक्त या काळ्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन भरवले होते. या रंगाचा एकच अर्थ लावू नये, असे लुईस यांचे म्हणणे होते. रंग म्हणून काळ्याच्या किती छटा निघतात, हे त्यांना शोधायचे होते. तरीही नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळातली ही चित्रे पाहताना तो काळ विसरता येत नाही.

१९६० च्या ‘अलाबामा’ या चित्रात काळ्या कॅनव्हासवर पांढऱ्या टोकदार आकारांचा दाट पुंजका आहे. रात्री पेटलेल्या आगीसारखा तो दिसतो, आणि मग टोकदार पांढऱ्या टोप्या घातलेला जमाव त्यात दिसू लागतो. कु क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचे लोक असे बुरखे घालून कृष्णवर्णीयांवर हल्ले करत. त्याच वर्षीचे ‘अमेरिकन टोटेम’ हे सुमारे सहा फूट उंचीचे चित्र काळ्यावर पांढरे आहे. मुखवटे आणि कवट्यांसारख्या तुकड्यांनी बनलेला एक बुरखाधारी आकार तिथे उभा आहे, आणि नाव सांगते की अमेरिकेने पूजेला लावलेला खांब हाच आहे. १९६२ च्या ‘ईव्हनिंग राँदेव्हू’मध्ये लाल, पांढरा आणि निळा असे अमेरिकी झेंड्याचे तीन रंग वापरले आहेत. पांढऱ्यात बुरखे, लालमध्ये आग आणि रक्त, निळ्यात धूर. हे चित्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे.

१९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमरी हा मोर्चा निघाला. त्याच वर्षीच्या ‘प्रोसेशनल’ या चित्रात काळ्या अंधारातून पांढऱ्या मानवाकृतींची एक रांग पुढे जाते. ती निमुळती सुरू होते आणि रुंदावत जाते. झेंडा नाही, फलक नाही, चेहरा नाही. लोक वाढत आहेत, एवढेच दिसते.

स्पायरल, निदर्शने आणि सिंके गॅलरी

जुलै १९६३ मध्ये, वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक मोर्चाच्या सुमारे दोन महिने आधी, रोमेर बिअर्डन यांच्या स्टुडिओत काही कृष्णवर्णीय चित्रकार जमले. बिअर्डन, हेल वुडरफ, चार्ल्स ऑल्स्टन आणि लुईस यांच्या पुढाकाराने ‘स्पायरल’ हा गट तयार झाला. लढ्यात कलावंताची जबाबदारी काय, कृष्णवर्णीय कलेची वेगळी ओळख असते का, यावर तिथे कडाक्याचे वाद होत. १९६५ मध्ये त्यांनी फक्त काळ्या-पांढऱ्या रंगातील कामांचे एक प्रदर्शन भरवले. वाद सुटला नाही, आणि गट लवकरच विसर्जित झाला. एमा अमोस या त्या गटातील सर्वांत तरुण आणि एकमेव स्त्री सदस्य होत्या.

१९६९ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर मोठे प्रदर्शन भरवले. त्यात हार्लेमची छायाचित्रे होती, हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांचे एकही काम नव्हते. म्युझियमबाहेर कलावंतांनी फलक घेऊन निदर्शने केली. साठीला आलेले लुईस त्यांत सहभागी झाले. त्याच वर्षी बिअर्डन आणि अर्नेस्ट क्रिचलो यांच्यासोबत त्यांनी सिंके गॅलरी सुरू केली. १८३९ मध्ये आमिस्टाड जहाजावर गुलामांच्या उठावाचे नेतृत्व करणाऱ्या जोसेफ सिंके यांचे नाव तिला दिले. ज्या तरुण कलावंतांना प्रस्थापित गॅलऱ्या दार उघडत नव्हत्या, त्यांच्यासाठी ही जागा होती. लुईस हार्लेममधील एका युवक कार्यक्रमातही शिकवत होते. पुढे १९७२ पासून अखेरपर्यंत त्यांनी आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये अध्यापन केले.

आपण यातून काय घ्यावे

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा विद्यापीठाला लागूनच असलेल्या हार्लेममध्ये नॉर्मन लुईस हे लहान मूल होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आणि राजकारणाशी आपले नाते जुने आहे. त्यांच्या चित्रकलेकडे मात्र आपण फारसे वळलो नाही.

आपल्या वस्त्यांमधून आज मुले-मुली कला महाविद्यालयांत जात आहेत. त्यांच्याकडून समाजाची पहिली मागणी असते ती जयंतीच्या बॅनरची आणि महामानवांच्या चित्रांची. ही मागणी रास्त आहे. चळवळीला प्रतिमा लागतात. पण त्यापलीकडे काही काढले तर ‘याचा समाजाला काय उपयोग’ असे आपण विचारतो. त्याच वेळी प्रस्थापित कलाजग त्यांच्याकडून फक्त वेदनेची चित्रे मागते. लुईस अशाच दोन मागण्यांच्या मध्ये उभे होते.

त्यांचाच मार्ग खरा, असे म्हणण्याचे कारण नाही. जेकब लॉरेन्स यांनी दक्षिणेतून झालेल्या स्थलांतरावर साठ चित्रांची मालिका केली आणि ती घराघरांत पोहोचली. एलिझाबेथ कॅटलेट यांनी कष्टकरी कृष्णवर्णीय स्त्रियांची ठसाचित्रे केली. लुईस यांनी तिसरा मार्ग घेतला. संघटना बांधणे, शिकवणे, निदर्शने करणे हे त्यांनी कार्यकर्ता म्हणून केले आणि कॅनव्हाससमोर मात्र कोणाचाही हुकूम मानला नाही. अमूर्त चित्र काढतो म्हणून तो लढ्यातून पळाला, हा आरोप त्यांच्याबाबतीत टिकत नाही. आपल्या तरुण चित्रकाराला जोखताना त्याने कॅनव्हासवर काय काढले एवढेच न पाहता तो समाजासोबत कुठे उभा आहे, हेही पाहायला हवे. शोषित समाजाचा माणूस प्रतिमेत काय मांडायचे हे स्वतः ठरवतो, तेव्हा तोही समतेच्या मागणीचाच भाग असतो.

उशिरा मिळालेली दखल

१९७५ मध्ये लुईस यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. त्यांचे पहिले सिंहावलोकनी प्रदर्शन न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये १९७६ साली झाले. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. तीन वर्षांनी त्यांचे निधन झाले. मोठ्या संग्रहालयातील सर्वंकष प्रदर्शनासाठी आणखी ३६ वर्षे जावी लागली. नोव्हेंबर २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्सने रूथ फाइन यांच्या नियोजनाखाली ते भरवले. त्याचे नाव ‘प्रोसेशन’ होते. आज म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, व्हिटनी म्युझियम अशा संस्थांच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत आणि संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती कोणालाही पाहता येतात. ‘ईव्हनिंग राँदेव्हू’पासून सुरुवात करावी. चित्राचे नाव आधी न वाचता काही मिनिटे नुसते पाहावे, मग नाव वाचावे आणि पुन्हा पाहावे.